एकस्वाचा वाद आणि वकिलाचे कार्य

कपाशीच्या यवतमाळ जिल्ह्यात 'पेटंट' हा शब्द शेतकऱ्यांच्या कानी पडला तो प्रामुख्याने बीटी बियाण्यामुळे. त्या बियाण्यातील जनुकाच्या पेटंटवरून कंपन्यांत झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. परंतु पेटंटचा संबंध केवळ बियाण्याशी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधाच्या गोळीशी आणि रुग्णालयातील यंत्राशीही तो तितकाच निगडित आहे. म्हणूनच असे वाद चालविणाऱ्या वकिलाचे कार्य समजून घेणे अगत्याचे ठरते.

एकस्व म्हणजे काय?

शासनव्यवहारात पेटंटला 'एकस्व' म्हणतात. शोधकाने आपल्या शोधाची संपूर्ण माहिती जाहीर करावी आणि त्या बदल्यात २० वर्षे इतरांना तो शोध वापरण्यास मनाई करण्याचा हक्क त्याला मिळावा, असा हा व्यवहार आहे. १९७० च्या अधिनियमान्वये पूर्वी औषध तयार करण्याच्या पद्धतीवरच एकस्व मिळत असे. १ जानेवारी २००५ पासून प्रत्यक्ष औषधावरही ते मिळू लागले. साहजिकच औषधांविषयीचे वाद वाढले. या वादांत वकिलाला कायद्याइतकेच रसायनशास्त्रही जाणावे लागते. अर्जातील शब्दन् शब्द तपासणे, जुने शोधनिबंध धुंडाळणे आणि तज्ज्ञ साक्षीदारांची उलटतपासणी घेणे, हे त्याचे नित्याचे काम होय.

मुंबईतील दोन निर्णय

बेडाक्विलीन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील औषध. त्याच्या मूळ एकस्वाची मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती. परंतु त्याच औषधाच्या क्षाररूपावर कंपनीने स्वतंत्र अर्ज केला होता. तो मान्य झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ साली त्यास हरकत घेतली. क्षयावरील जुन्या औषधांच्या दुष्परिणामामुळे दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या एकस्व कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात हे औषध रुग्णास विनामूल्य मिळते, पण त्याची किंमत शासनाच्या तिजोरीतूनच जाते.

त्यापूर्वी, मार्च २०१२ मध्ये, मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी मुंबईतूनच देशातील पहिला सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध त्यामुळे ८,८८० रुपयांत मिळू शकले. मूळ कंपनीस स्वामित्वशुल्क देण्याची अटही परवान्यात होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली हा निर्णय कायम ठेवला.

शोधकाचा हक्कही महत्त्वाचा

वकील नेहमीच एकस्वाच्या विरोधात उभा राहतो असे मात्र नाही. खऱ्या शोधकाला त्याच्या श्रमाचे फळ मिळवून देणे हेही त्याचेच काम आहे. डीव्हीडी यंत्रांच्या तंत्रावरील फिलिप्स कंपनीचे दावे २००९ साली दिल्लीत दाखल झाले. २०१८ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, परंतु तोवर एकस्वाची मुदत संपून गेली होती. इलेक्ट्रॉनिक क्षेत्रात तंत्र झपाट्याने बदलते. तेथे विलंब किती महाग पडतो, हे यावरून दिसते.

या व्यवसायाची वाट

विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन एकस्व अभिकर्ता होता येते. न्यायालयात दावा चालविण्यासाठी कायद्याची पदवी आणि वकिलीची सनदही लागते. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ही वाट अवश्य दाखवावी.

एकस्व मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीला लेखी हरकत घेता येते, ही तरतूद पंचायत सदस्यांनीही ध्यानात ठेवावी. नंदिता व्यंकटेशन यांनी वापरला तो हक्क हाच. तो गावातील शेतकऱ्यालाही तितकाच आहे.