मोटारगाडीच्या मागील भागातील कंप : कारणे आणि परीक्षा

इंजिन पुढे आणि गती मात्र मागील चाकांना, ही रचना जुन्या मोटारगाड्यांत सर्रास आढळते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अ‍ॅम्बॅसडर आणि मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी, या दोन्ही गाड्या याच जातीच्या होत. अशी गाडी जुनी झाली म्हणजे विवक्षित वेगाला तिचा मागील भाग थरथरू लागतो. पुष्कळदा मालक केवळ अनुमानाने आज टायर, उद्या पाटे आणि परवा बेअरिंग बदलतो. पैसा खर्च होतो, कंप मात्र तसाच राहतो. कधी कधी हा कंप म्हणजे तुटू पाहणाऱ्या सांध्याची पूर्वसूचना असते आणि तिची उपेक्षा जिवावर बेतू शकते. म्हणून कंपाचे मूळ कसे शोधावे हे जाणणे अगत्याचे आहे.

गतीचा मार्ग

गिअरबॉक्सपासून निघणारी गती प्रोपेलर शाफ्ट या पोलादी नळीतून मागे जाते. तेथे डिफरन्शियलमधील दंतचक्रे तिला काटकोनात वळवून दोन्ही चाकांकडे पाठवितात. मागील आस पाट्यांवर टेकलेला असल्यामुळे खाचखळग्यांत तो वरखाली होतो. शाफ्टलाही त्याच्याबरोबर हलता यावे म्हणून त्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट बसविलेले असतात. कारागीर या सांध्यातील मुख्य भागाला ‘क्रॉस’ म्हणतात.

कंपाची गती हीच त्याची खूण

समजा, चाकाचा परीघ २ मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर तोडते. अर्थात चाक सेकंदाला ८ पेक्षा किंचित अधिक फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण ४ धरल्यास शाफ्टचे फेरे सेकंदाला सुमारे ३३ होतात. चाकाचा दोष फेऱ्यागणिक एक हिसका देतो. तो आसनाला संथ धक्क्यांच्या रूपाने जाणवतो. शाफ्टचा दोष चौपट जलद असल्यामुळे तळफळीत गुणगुण आणि पायाला झिणझिण्या उत्पन्न करतो. अशा रीतीने कंप संथ आहे की जलद, एवढ्यावरूनच अर्धे निदान होते.

तोल ढळलेल्या भागामुळे उत्पन्न होणारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाकाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर ३० ग्रॅम वजन अधिक असेल, तर ताशी ६० किलोमीटरला ते सुमारे अडीच किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने चाकाला ओढते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. तेवढेच वजन शाफ्टवर केवळ ४ सेंटिमीटरवर असले, तरी शाफ्टच्या अधिक फेऱ्यांमुळे त्याचा जोर सुमारे पाच किलोग्रॅम भरतो. शाफ्टवर वाळलेला चिखल, पडलेला पोचा किंवा निखळलेली तोलाची पट्टी एवढे कारणही म्हणूनच पुरेसे होते.

काही गाड्यांत कंप एका ठराविक वेगाला वाढून पुढे कमी होतो. आसाच्या किंवा गाडीच्या सांगाड्याच्या स्वाभाविक कंपनाशी त्याचा मेळ बसल्याने हे घडते. यास अनुस्पंदन म्हणतात.

सांध्याचा स्वभाव

युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरत असताना एका बाजूचा वेग एकसारखा असला, तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्ही दिशांना सुमारे दीड टक्का असतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि शाफ्टवरील दोन्ही चिमटे एकाच पातळीत असतील, तर एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. पाटे बसल्यामुळे कोन बिघडला, अथवा सरकता जोड चुकीच्या दात्यावर बसविला, तर नवा शाफ्टही थरथरतो. शाफ्ट उतरविण्यापूर्वी जोडावर खडूने खुणा करण्याची रीत याचसाठी आहे.

परीक्षेचा क्रम

प्रथम सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून कंप कोणत्या वेगाला सुरू होतो ते टिपावे. नंतर उभ्या गाडीत इंजिन तितक्याच फेऱ्यांवर चालवावे. कंप कायम राहिल्यास दोष इंजिनात किंवा त्याच्या रबरी आधारांत शोधावा.

मग त्याच वेगाला निराळा गिअर टाकून पाहावा. इंजिनाचे फेरे बदलूनही कंप तोच राहिला, तर त्याचे मूळ चाके किंवा शाफ्ट यांत आहे. न्यूट्रलमध्ये गाडी सरकू दिल्यावरही कंप राहत असेल, तर तोल किंवा गोलाई बिघडली आहे असे समजावे. केवळ अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येणारा कंप सांधे, त्यांचे कोन, पिनिअनचे बेअरिंग किंवा सैल यू-बोल्ट यांकडे बोट दाखवितो. केवळ ब्रेक लावताना येणारा कंप बहुधा वाकड्या ड्रमचा असतो.

यानंतर मागील चाके पुढे व पुढील मागे लावावीत. कंप स्टिअरिंगमध्ये गेला, तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे हे सिद्ध होते. दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टायरला सपाटपणा येतो. आतील थर सुटल्यास फुगवटा दिसतो. असा टायर तत्काळ बदलावा.

शेवटी इंजिन बंद करून, पुढील चाकांना दगड लावून आणि आस भक्कम घोड्यांवर टेकवून खालून तपासणी करावी. शाफ्ट हाताने हलविताना सांध्यात खळखळ जाणवली किंवा क्रॉसच्या टोपणाभोवती तांबडी भुकटी दिसली, तर सांधा झिजला आहे. केवळ जॅकच्या आधारावरील गाडीखाली कोणीही शिरू नये. इंजिन चालू असताना फिरत्या शाफ्टजवळ हात नेऊ नये.

प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने आणि तितक्याच भाराने पुन्हा परीक्षा घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच कोणत्या बदलाने कंप थांबला हे निश्चित कळते.