बॉक्सवर '१००० वॅट', अडॅप्टर मात्र २४ वॅटचा! अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बनवा, हिशेब आपोआप कळेल

बाजारात मिळणाऱ्या साऊंड बॉक्सवर '१००० वॅट', '५००० वॅट पीएमपीओ' असे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. सोबतच्या अडॅप्टरवर मात्र बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअर. बारा गुणिले दोन म्हणजे २४ वॅट. ज्या बॉक्समध्ये २४ वॅट आत जातात, त्यातून १००० वॅट बाहेर येणार कुठून?

हा साधा प्रश्न फार थोडे ग्राहक विचारतात. पण ज्या विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने अ‍ॅम्प्लिफायर जोडला आहे, तो हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. पॉलिटेक्निक, आयटीआय आणि बारावीच्या इलेक्ट्रॉनिक्स विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर हा म्हणूनच चांगला प्रोजेक्ट आहे. सामान मोजकं लागतं, काम झालं की लगेच कानाला कळतं आणि प्रत्येक भाग का लावला, हे समजावून सांगता येतं. तयार बोर्ड विकत आणून खोक्यात बसवला तर आवाज येतो, पण परीक्षकाने 'हा कपॅसिटर इथे का?' असं विचारलं की गाडी अडते.

अ‍ॅम्प्लिफायर नेमकं करतो काय?

मोबाईलमधून निघणारा आवाजाचा सिग्नल फार दुबळा असतो. त्यावर हेडफोन चालतो, मोठा स्पीकर हलत नाही. अ‍ॅम्प्लिफायर हा सिग्नल ताकदवान करतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ती ताकद येते कुठून?

पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाटाचं दार वर-खाली करायला माणसाच्या हाताचा जोर पुरतो. पण शेतात जाणारं पाणी त्या हाताचं नसतं, धरणाचं असतं. तसंच इथे. मोबाईलचा सिग्नल म्हणजे दार हलवणारा हात, आणि पॉवर सप्लाय म्हणजे धरण. सप्लायमध्ये जेवढं असेल, त्यापेक्षा जास्त स्पीकरला मिळूच शकत नाही. काही भाग तर उष्णता होऊन वाटेतच जातो.

कोणता आयसी घ्यावा?

पहिल्या प्रोजेक्टसाठी टीडीए२०३० हा आयसी सोयीचा. जुन्या कॉम्प्युटर स्पीकरमध्ये आणि होम थिएटरच्या किटमध्ये तो सर्रास दिसतो. त्याला फक्त पाच पाय आहेत. पाय १ आणि २ इनपुटचे, ३ मायनसचा, ४ आउटपुटचा, ५ प्लसचा. जास्त गरम झाला की तो स्वतःहून बंद होतो, अशी सोय आतच केलेली आहे. मात्र सप्लायची मर्यादा ३६ व्होल्ट आहे. त्यावर गेलं की आयसी गेला.

बाजारात नकली आयसीही फिरतात. अगदी स्वस्तात मिळाला म्हणून दहा घेण्यापेक्षा ओळखीच्या दुकानातून दोन घ्यावेत. एक लावायला, एक जवळ ठेवायला.

सामान काय लागेल?

- टीडीए२०३० आयसी, हीटसिंक आणि हीटसिंक पेस्ट
- १०० के रेझिस्टर ३, १५० के १, ४.७ के १, १ के २, १ ओहम १
- २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट कपॅसिटर १, २२ मायक्रोफॅरड १, २.२ मायक्रोफॅरड २, ०.१ मायक्रोफॅरड १, ०.२२ मायक्रोफॅरड १
- १एन४००७ डायोड २
- १० के चा व्हॉल्यूम कंट्रोल
- ४ ओहमचा, किमान १५-२० वॅटचा स्पीकर
- झिरो पीसीबी, शिल्डेड वायर, फ्यूज

जोडणी कशी करायची?

पहिली गोष्ट, पाय १ ला सप्लायच्या निम्मं व्होल्टेज द्यायचं. प्लस आणि मायनसच्या मध्ये १०० के चे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावले की मधल्या जोडावर निम्मं व्होल्टेज मिळतं. त्या जोडावरून २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मायनसला जातो आणि तिसरा १०० के पाय १ ला जातो. निम्मंच का? कारण आवाजाची लाट वर जाते तशी खालीही जाते. मध्यावर उभं राहिलं तरच दोन्हीकडे सारखी जागा मिळते.

दुसरी गोष्ट, इनपुट. मोबाईलच्या डाव्या आणि उजव्या वायरला प्रत्येकी १ के चा रेझिस्टर लावून दोन्ही एकत्र करायच्या. तिथून व्हॉल्यूम कंट्रोल, आणि पुढे २.२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पाय १. या कपॅसिटरची प्लस बाजू आयसीकडे ठेवायची.

तिसरी गोष्ट, फीडबॅक. पाय ४ वरून १५० के चा रेझिस्टर पाय २ ला येतो. पाय २ वरून ४.७ के आणि त्यापुढे २.२ मायक्रोफॅरड मायनसला जातो, प्लस बाजू रेझिस्टरकडे. १५० ला ४.७ ने भागून त्यात एक मिळवला की साधारण ३३ येतात. म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज ३३ पट होतं. आयसी बदलला तरी हा आकडा तोच राहतो, कारण तो आयसीवर नाही, या दोन रेझिस्टरवर ठरतो.

आउटपुटचा थोडा भाग उलटा इनपुटला आणून सोडायची ही युक्ती अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे इंजिनिअर हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचली. कामावर जाताना नदी ओलांडणाऱ्या बोटीत बसून त्यांनी वर्तमानपत्राच्या पानावर तिची आकृती काढली होती. टेलिफोनच्या लांब लाईनवर आवाज फाटू नये, ही त्यांची अडचण होती. आज जवळपास प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीच युक्ती आहे.

चौथी गोष्ट, आउटपुट. पाय ४ वरून २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस बाजू आयसीकडे, आणि पुढे स्पीकर. स्पीकरची दुसरी वायर मायनसला. हा कपॅसिटर नसेल तर पाय ४ वरचं डीसी व्होल्टेज सरळ स्पीकरमध्ये जाईल आणि कॉईल जळेल. पाय ४ वरूनच १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड एकापुढे एक करून मायनसला लावायचे. यामुळे आयसी स्वतःहून शिट्टी मारत नाही.

पाचवी गोष्ट, संरक्षण. एक डायोड पाय ४ आणि ५ मध्ये, पट्टीची बाजू ५ कडे. दुसरा पाय ३ आणि ४ मध्ये, पट्टीची बाजू ४ कडे. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाय ५ आणि ३ च्या अगदी जवळ बसवायचा.

प्लस-मायनस असलेला कपॅसिटर उलटा लागला तर फुगतो, कधी फुटतोही. सप्लाय देण्याआधी प्रत्येक कपॅसिटर पुन्हा एकदा बघायचा.

आधी बॅटरी, मग लाईट

पहिली चाचणी घरच्या लाईटवर करू नये. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी यासाठी उत्तम. तिचा शॉक बसत नाही. पण शॉर्ट झाली तर वायर जाळण्याइतका करंट ती देते, म्हणून प्लसच्या वायरमध्ये २ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज हवाच.

स्पीकर न जोडता सप्लाय द्या आणि मल्टिमीटर लावा. पाय ५ वर १२ व्होल्ट आणि पाय ४ वर साधारण ६ व्होल्ट दिसले पाहिजेत. पाय ४ वर शून्य किंवा पूर्ण १२ दिसत असतील तर स्पीकर अजिबात जोडू नका. सोल्डर कुठेतरी चुकला आहे, तो शोधा. ६ व्होल्ट आले की स्पीकर जोडा आणि इनपुटच्या वायरला बोट लावा. 'घूं' असा आवाज आला की अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे. बोट न लावताही घुमत असेल तर इनपुटला शिल्डेड वायर वापरा आणि सगळ्या मायनस वायर एकाच ठिकाणी आणून जोडा.

वॅट किती मिळतील?

१२ व्होल्टवर लाट मध्यापासून सहा व्होल्ट वर आणि सहा व्होल्ट खाली जाऊ शकते. आयसी स्वतः त्यातले दीड-दोन व्होल्ट खातो. उरले साडेचारच्या आसपास. साडेचारचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागायचा. उत्तर येतं अडीच वॅट. झाले फक्त अडीच! पण स्पीकर चांगल्या खोक्यात बसवला तर शाळेच्या एका वर्गाला तेवढे पुरतात.

सप्लाय २४ व्होल्ट केला तर लाटेला दहा व्होल्ट मिळतात. दहाचा वर्ग १००, भागिले ८, म्हणजे साडेबारा वॅट. सप्लाय दुप्पट, वॅट पाचपट. ८ ओहमचा स्पीकर लावला तर यातले निम्मेच मिळतील.

मात्र वॅट वाढले म्हणजे कानाला तेवढ्याच पटीने मोठं ऐकू येतं, असं नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून '५०० ऐवजी १००० वॅट' असं ऐकून जास्त पैसे मोजणाऱ्याच्या कानाला फरक किरकोळच जाणवतो.

ट्रान्सफॉर्मर घेताना फसू नका

२४ व्होल्ट हवेत म्हणून अनेक जण १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणतात, त्याच्या दोन टोकांना ब्रिज लावतात आणि आयसी उडवतात. कारण टोकाटोकात २४ व्होल्ट एसी असतात. डीसी करताना ते १.४१ ने गुणले जातात, म्हणजे जवळपास ३४. त्यातून डायोड सव्वा-दीड व्होल्ट घेतात. रात्री उशिरा गावातला लोड कमी होऊन लाईनचं व्होल्टेज वाढलं, की हाच आकडा ३६ च्या वर जातो.

त्यापेक्षा ९-०-९, २ अ‍ॅम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. मधली वायर टेप लावून मोकळी सोडायची आणि दोन टोकांना १एन५४०८ च्या चार डायोडचा ब्रिज लावायचा. १८ गुणिले १.४१ म्हणजे साडेपंचवीस, त्यातून डायोडचे वजा केले की २४ व्होल्ट. पुढे ४७०० मायक्रोफॅरडचा, किमान ३५ व्होल्टचा कपॅसिटर. लाईन वर-खाली झाली तरी आयसी वाचतो.

या टप्प्यावर आयसीमधून साधारण ७ वॅट उष्णता निघते. तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक लावल्याशिवाय सप्लाय देऊच नये.

२३० व्होल्टशी खेळ नको

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूचं काम शिक्षक किंवा जाणकार इलेक्ट्रिशियन समोर असतानाच करावं. फेजच्या वायरमध्ये अर्ध्या अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, प्रत्येक जोडावर स्लीव्ह आणि लोखंडी डबा असेल तर त्याला अर्थिंग, या तीन गोष्टींना सूट नाही. डबा उघडण्याआधी स्विच बंद करणं पुरेसं नाही, पिन बोर्डातून बाहेर काढायची.

पहिल्यांदा लाईट देताना ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

फाईलमध्ये काय लिहाल?

नुसतं चित्र चिकटवून मार्क मिळत नाहीत. मोजमाप लिहा. मोबाईलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घेऊन २०० हर्ट्झचा सूर लावा. सूर फाटायच्या थोडं आधी थांबून स्पीकरवरचं एसी व्होल्टेज मोजा. त्याचा वर्ग भागिले ४ म्हणजे खरे वॅट. मीटरवर ७ व्होल्ट आले तर १२ वॅट. आधी कागदावर काढलेले साडेबारा आणि मीटरने दाखवलेले १२, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की परीक्षकाला वेगळं काही पटवावं लागत नाही.

तयार झालेला अ‍ॅम्प्लिफायर परिपाठाला, अंगणवाडीत किंवा हरिपाठाला वापरता येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, दवाखाना आणि शाळेभोवतीचा किमान १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावं.

आणि पुढच्या वेळी शाळेसाठी किंवा मंडळासाठी साऊंड घ्यायचा असेल, तर दुकानात पुढच्या बाजूचा आकडा वाचू नका. बॉक्स उलटा करा, सप्लायचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर बघा, गुणाकार करा. जो आकडा येईल, त्यापेक्षा कमीच वॅट स्पीकरपर्यंत पोहोचणार आहेत.