लहान वाफेचे एंजिन व त्याची घडण
मुंबईचे नौकाशिल्पी अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये एक अश्वशक्तीचे वाफेचे एंजिन स्वतः तयार करून विहिरीचे पाणी उपसण्यास लावले. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. एवढे लहान एंजिन, किंवा आज घरगुती लेथवर घडविली जाणारी त्याहूनही लहान प्रतिकृती, अधिक अचूकता मागते. एक-दशांश प्रमाणात दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभराव्या हिश्शावर येते. भोवतालची फट मात्र मूळ जाडीचीच राहिली, तर तिचे क्षेत्रफळ दहाव्या हिश्शापर्यंतच घटते. अर्थात दट्ट्याच्या मानाने गळतीचा मार्ग दसपट होतो.

म्हणून सिलिंडर लेथच्या सरकत्या बैठकीवर घट्ट बसवावा आणि दोन केंद्रांमधील दांड्यात एकच हत्यार लावून भोक कातावे. फिरत्या हत्याराची त्रिज्या कायम राहत असल्यामुळे भोक निमुळते होत नाही. दांड्याचा अक्ष बैठकीच्या गतीस समांतर नसल्यास मात्र ते किंचित लंबवर्तुळाकार होते; तेव्हा केंद्रे आधी तपासावीत. बाहेरील व्यास कातणे व मोजणे तुलनेने सुलभ असल्याने दट्ट्या शेवटी, तयार भोकाच्या मापानेच घडविणे इष्ट होय.