तबल्याचे बोल आणि मुलांची स्मरणशक्ती

आधी तोंडात, मग हातात

तबल्याच्या क्लासात, मग तो बोरिवलीचा असो की मुलुंडचा, पढंतीला, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याला, पर्याय नाही. हाताने टाळी देत तीनतालाच्या १६ मात्रा म्हणायच्या. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली. मग दुगुन, म्हणजे बोल दुप्पट वेगात आणि टाळी मात्र पहिल्याच लयीत. मुलं अडखळतात ती इथेच. कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची विस्तार करता येणारी रचना, सुरू झाला की खालीच्या भागात डग्गा (डाव्या हाताचा तबला) बंद होतो, ‘धा’चा ‘ता’ आणि ‘गे’चा ‘के’ होतो. पाठ केलेलं मनात धरायचं, त्यात ऐनवेळी बदल करायचा आणि तरीही समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि पढंतीत तिचा चांगलाच कस लागतो.

हाँगकाँगची मुलं

२००३ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी ६ ते १५ वर्षांच्या ९० मुलग्यांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले निम्मे शाळेच्या वाद्यवृंदात तंतुवाद्यं शिकत होते. ऐकलेले शब्द या शिकणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त आठवले. पाहिलेल्या आकृत्यांच्या बाबतीत मात्र काही फरक नव्हता. वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हा शिकत राहिलेल्यांची शब्दस्मृती सुधारली होती, सोडून दिलेल्यांची नव्हती.

गणितातही फायदा?

इथे पालकांनी जपून राहावं. २०२० साली साला आणि गोबे या संशोधकांनी जवळजवळ ७ हजार मुलांवरचे ५४ अभ्यास एकत्र तपासले. तुलनेसाठी दुसऱ्या गटालाही एखादा उपक्रम दिला होता, अशा काटेकोर अभ्यासांत संगीताचा बुद्धीवर किंवा अभ्यासावर होणारा परिणाम जवळपास शून्य निघाला. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलाला क्लासला घालणं मला समजतं, पण तबल्याने गणित सुधारेल असं त्याला सांगू नये. शेकडो बोल मनात नीट लावून ठेवता येणं हीच मोठी कमाई आहे.

वही की कान?

तबलावादक पंडित निखिल घोष यांनी १९५६ साली संगीत महाभारती सुरू केली. मुंबईत जुहूची ही संस्था उपनगरात अनेकांना ठाऊक आहे. राग-तालासाठी त्यांनी स्वतःची नवी लेखनपद्धतीही मांडली. लिहून ठेवणं मोलाचंच, पण ते धडा झाल्यानंतर. बोल आधी कानाने घ्यावा, तोंडाने म्हणावा आणि मग वहीत उतरवावा. वहीत बघून वाजवणाऱ्या मुलाची वही मिटली की हातही थांबतो.

घरी काय करावं

रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. आधी कालचा कायदा न बघता म्हणायला लावावा, मगच नवा पलटा, म्हणजे त्याच बोलांची नवी मांडणी. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये रात्री तबला वाजवणं जमत नसेल, तर मांडीवर टाळी देत पढंत करता येते.