रशियनच्या वर्गातली मराठी

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग भरतात. रशियनच्या सर्टिफिकेटला बसलेल्या नवख्याला आधी धडकी भरते ती लिपीची. एकूण ३३ अक्षरे, आणि त्यांतली काही दिसायला इंग्रजी पण बोलायला निराळी : ‘पी’सारखे दिसते ते र, ‘एच’सारखे दिसते ते न. ही भीती फार दिवस टिकत नाही. खरे नवल पुढे आहे, आणि ते मराठी माणसासाठीच राखून ठेवल्यासारखे आहे.

‘चाक’ आणि ‘चार’ मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हींतले च वेगळे आहेत, आपण लिहितो मात्र एकाच अक्षराने. रशियनमध्ये या दोन उच्चारांना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. आपण ज्याला इंग्रजीच्या वळणाने ‘झार’ म्हणतो, त्या रशियन सम्राटाच्या नावाची सुरुवात ‘चाक’मधल्या च ने होते. चहाला म्हणतात ‘चाय’, आणि तो ‘चार’मधला च. त्या चहात घालतात ती साखरच : शब्दही ‘साखर’. मूळ ‘शर्करा’, पाली-प्राकृतातून ग्रीकमार्गे तिकडे पोचलेला.

नात्यागोत्यांचे शब्द मात्र कोणी नेलेले नाहीत, ते दोन्ही घरांत एकाच पूर्वजाकडून आले. संस्कृत ‘देवर’चा आपण ‘दीर’ केला, रशियनमध्ये तो ‘द्येवेर’ राहिला. ‘स्नुषा’ आपल्याकडे ‘सून’ झाली, तिकडे ‘स्नखा’. ब्रात म्हणजे भाऊ, व्दवा म्हणजे विधवा. नाव सांगण्याची रीतही ओळखीची : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

शाळेत घोकलेली ‘प्रथमा, द्वितीया, तृतीया’ इथे कामाला येते. रशियनला सहा विभक्ती आहेत. रुका म्हणजे हात, रुकोय म्हणजे हाताने. शब्दाचे शेपूट बदलले की अर्थ सरकतो, हे मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. पंचमी वेगळी उरलेली नाही, तिचे बरेच काम षष्ठी करते. लिंगे तीनच, आपल्यासारखी. हिंदीभाषकाला इथे नपुंसकलिंग नव्याने शिकावे लागते. ‘मला आवडते’ हे रशियनही चतुर्थीनेच म्हणतो.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो भूतकाळ. मराठीत ‘दिला, दिली, दिले’; रशियनमध्ये पुल्लिंगी ‘दाल’, स्त्रीलिंगी ‘दाला’, आणि नपुंसकलिंगी लिहिताना ‘दालो’. धातू एकच, संस्कृतातला ‘दा’. शेवटचा ल मात्र सख्खा नाही : मराठीचा ल प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययाकडून आलेला मानतात, रशियनचा स्लाव्ह भाषांच्या जुन्या धातुसाधितांतला आहे. दोन्ही रूपे मुळात विशेषणासारखी होती, म्हणून दोन्हीकडे क्रियापद लिंग दाखवते. नवखा इथेच घसरतो. आपल्या कानाला ‘-ला’ म्हणजे पुरुष, रशियनमध्ये ‘-ला’ म्हणजे बाई. शिवाय ‘तिने आंबा दिला’मध्ये आपले क्रियापद आंब्याकडे पाहते, रशियनचे देणारीकडे.

रशिया आणि आपल्या मुलखातली ये-जाही नवी नाही. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि घाट चढून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला पावसाळाभर राहिला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खुरासानच्या एका अधिकाऱ्याने रदबदली केल्यावर तो परत मिळाला. हे सारे त्याने रशियनमध्ये लिहून ठेवले. जुन्नरचे नाव त्याने ‘च्युनेर’ असे लिहिले आहे.

सगळेच सोपे आहे असे मात्र नाही. एकाच क्रियेला पूर्ण आणि अपूर्ण अशी दोन क्रियापदे असतात, त्यांच्या जोड्या पाठच कराव्या लागतात. आघात चुकला तर किल्ल्याचे कुलूप होते : ‘झामक’ म्हणजे किल्ला, ‘झमोक’ म्हणजे कुलूप. त्यासाठी कान तयार व्हावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तोवर, प्रवेश घेणार असाल तर शाळेतले मराठी व्याकरण माळ्यावरून काढा आणि विभक्तीचा तक्ता पुन्हा एकदा म्हणून ठेवा.