सीट कोणाच्या मापाची?

सायकलच्या सीटने होणारे दुखणे आपल्याकडे दुखण्यात मोजलेच जात नाही. नव्याने सायकल घेतलेल्याने तक्रार केली, की दोनच उत्तरे ठरलेली असतात: ‘होईल सवय’ किंवा ‘जेलचे कव्हर टाका’. पहिल्या उत्तरात दोष शरीराचा ठरतो, दुसऱ्यात सीटच्या कडकपणाचा. माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्याचा पुरावा सव्वाशे वर्षांपासून छापून पडलेला आहे. त्यात कारखानदारांच्या जाहिराती आहेत, डॉक्टरांचे निबंध आहेत, पोलिसांवर झालेल्या चाचण्या आहेत. हा सगळा कागद एकत्र वाचला, की सर्वांसाठी आरामशीर अशी एक सीट शोधण्याचा खटाटोपच मुळात फसवा वाटू लागतो. एका माणसाची हाडे, त्याची बसण्याची ढब आणि सीटची रुंदी या तिघांचे जमले तरच आराम मिळतो. यातले एक बदलले, की उत्तम सीटही छळू लागते.

शरीरातली व्यवस्था साधी आहे. बसल्यावर आपले वजन श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांगाड्याच्या, तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर येते. पाटावर बसले की टोचतात तीच ही बैठकीची हाडे. त्यांच्या मधल्या पट्ट्यात, गुदद्वार आणि जननेंद्रिये यांच्या दरम्यान, आधाराला हाड नाही. तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. वजन हाडांवर राहिले तर माणूस तासन् तास बसू शकतो. ते मधल्या पट्ट्यावर सरकले, की आधी मुंग्या येतात, मग बधिरता येते. हे ज्ञान नवे नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलचे वेड शिगेला पोचले असताना ‘ख्रिस्टी’ नावाची सीट बाजारात होती. ती स्पॉल्डिंग ही खेळसाहित्याची मोठी कंपनी विकत असे. धातूची चौकट, तिच्यावर दोन स्वतंत्र गाद्या आणि मधे मोकळी जागा, अशी तिची घडण होती. तिची जाहिरात आजही थबकून पाहावी अशी आहे. तिच्यात ना सुंदरी आहे ना शर्यतवीर. आहेत ते श्रोणीचे सांगाडे. एका चित्रात सांगाडा नेहमीच्या सीटवर ठेवलेला आहे आणि सीटचा उंचवटा दोन हाडांच्या मधे घुसला आहे. दुसऱ्यात तोच सांगाडा ख्रिस्टीवर आहे आणि दोन्ही हाडे आपापल्या गादीवर टेकली आहेत. विक्रीसाठी केलेले हे चित्र असले, तरी प्रश्नाची मांडणी त्यात अचूक झाली आहे.

त्याच काळात, १८९५ साली, ब्रुकलिनमधले स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट लाटू डिकिन्सन यांनी स्त्रियांच्या सायकल चालवण्यावर एक निबंध लिहिला आणि तो प्रसूतिशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात छापून आला. डिकिन्सन सायकलच्या विरोधात नव्हते. मोकळी हवा आणि व्यायाम यांमुळे स्त्रियांचे भलेच होईल, असे त्यांचे मत होते. तरीही हा निबंध आज आठवला जातो तो त्यातल्या एका भीतीमुळे. सीटचे पुढचे टोक वर उचलले, किंवा ताणलेले चामडे सैल सोडून त्याची झोळी होऊ दिली, तर सीट जननेंद्रियांना घट्ट लागून राहील, पुढे झुकून बसल्यास घर्षण आणखी वाढेल आणि त्यातून मुली हस्तमैथुनाकडे वळतील, अशी शक्यता त्यांनी गंभीरपणे मांडली. आजच्या वाचकाला यात केवळ त्या काळचा सोवळेपणा दिसेल. पण भीती बाजूला ठेवून निरीक्षण तेवढे वाचले, तर डिकिन्सन यांना दाबाचे गणित नेमके उमगले होते, हे मान्य करावे लागते. टोक उचललेले, चामडे सैल आणि पाठ पुढे झुकलेली, या तिन्ही स्थितींत वजन हाडांवरून पुढच्या मऊ भागावर सरकते. प्रश्न एवढाच, की या दाबाने बाईला वेदना होते का, हे विचारण्याऐवजी तिला सुख तर होत नाही ना, याची चिंता वाहिली गेली. सीट हा अब्रूचा विषय झाला. दुखण्याबद्दल मोकळेपणाने बोलणे अवघड झाले, आणि जे बोलले जात नाही त्याचे मापही घेतले जात नाही. संकोचाची ही किंमत स्त्रियांनी दीर्घकाळ मोजली, आणि पुरुषांचीही त्यातून सुटका झाली नाही.

मधल्या काळात बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सची ताणलेल्या चामड्याची सीट जगभर पोचली. आपल्याकडे सेन-रॅले, अॅटलस, हिरो यांच्या काळ्या सायकलींवर स्प्रिंगची रुंद सीट रूढ झाली. त्या सायकलीचे हँडल उंच, स्वार ताठ, म्हणून वजन थेट हाडांवर आणि सीट रुंद. पुण्यासारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या कारकून, विद्यार्थी आणि दूधवाले याच सीटवर फिरले. तिथे सीट आणि ढब यांचे जमलेले होते. नंतर गिअरच्या सायकली आल्या. हँडल खाली आले, पाठ झुकली आणि सीट अरुंद झाली. शर्यतवीराची बैठक कामावर जाणाऱ्या माणसाला मिळाली. पुढे झुकल्यावर श्रोणीही पुढे फिरते आणि आधाराची जागाच बदलते. तेव्हा जुनी रुंद सीट मांड्यांना घासते आणि नवी अरुंद सीट मधल्या पट्ट्याला दाबते. दुकानदार या पेचावर जेलचे कव्हर देतो.

त्या कव्हराचा निकाल २००२ साली जर्मनीतल्या एका प्रयोगाने लावून टाकला आहे. कलोनच्या संशोधकांनी वीस निरोगी पुरुषांना चार वेगवेगळ्या सीटवर बसवून सायकल चालवताना त्यांच्या जननेंद्रियातील प्राणवायूचे प्रमाण मोजले. सगळ्यात वाईट ठरली ती अरुंद आणि भरपूर गादीची सीट: घट ८२ टक्क्यांच्या आसपास. रुंद, बिनगादीच्या चामडी सीटवर घट ६४ टक्क्यांच्या घरात राहिली. पुढचे टोक नसलेल्या, मध्यम गादीच्या रुंद सीटवर ती फक्त २० टक्के होती. म्हणजे सगळ्यात मऊ सीटने सगळ्यात जास्त रक्त अडवले. कारण सरळ आहे. मऊ गादीत हाडे रुततात आणि त्यांच्या मधली गादी वर उचलली जाऊन नेमक्या नको त्या जागी दाबते. दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडणारा माणूस आपल्या अंगठ्याचा आराम मोजत असतो.

याहून मोठा पुरावा अमेरिकेच्या पोलिसांकडून आला. तिथे अनेक शहरांत सायकलवरून गस्त घालणारे पोलिस असतात, आणि त्यांच्या बधिरतेच्या तक्रारी व्यावसायिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेपर्यंत पोचल्या. स्टीव्हन श्रेडर आणि सहकाऱ्यांनी पाच महानगर भागांतल्या ९० पोलिसांना सहा महिने बिनटोकाच्या सीट वापरायला दिल्या आणि २००८ साली निष्कर्ष छापले. मधल्या भागावरचा दाब ६६ टक्क्यांनी कमी झाला. आधीच्या सहा महिन्यांत बधिरता अजिबात आली नाही असे सांगणारे २७ टक्के होते, ते ८२ टक्के झाले. पुढच्याच वर्षी संस्थेने कामासाठी सायकल चालवणाऱ्यांना बिनटोकाची सीट वापरण्याची शिफारस केली. मला यात आकड्यांपेक्षाही दृष्टी महत्त्वाची वाटते. सीटचे दुखणे इथे पहिल्यांदा हौशी माणसाच्या नाजूकपणातून बाहेर आले आणि कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न झाले. मुंबईतले डबेवाले, पेपर टाकणारी मुले, दूध पोचवणारे यांच्या बाबतीतही तो प्रश्न त्याच गांभीर्याने विचारायला हवा.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा, की टोकाशिवाय सायकलवर ताबा राहत नाही. वळताना मांड्यांना ते टोक लागते. घाटातल्या उतारावर किंवा शर्यतीत यात तथ्य आहे. पण गर्दीच्या रस्त्यावर वळणे, थांबणे, पाठलाग करणे हेच ज्यांचे काम, त्या ९० पोलिसांपैकी सहा महिन्यांनंतर जुन्या सीटकडे परतले फक्त तिघे. ताब्याची सवय बदलता येते, हे त्यांनी दाखवून दिले. दुसरा आक्षेप सवयीचाच. चामड्याची सीट महिनोन्‌महिने वापरल्यावर हाडांच्या जागी खळगे घेते, कातडीही निबर होते, हे खरे. पण चामडे खळगे घेते ते आधीच पुरेशा रुंद असलेल्या सीटवर, हाडे जिथे टेकली आहेत तिथे. दबलेल्या नसेला सवय लागत नाही. बधिरता आली आणि दुखणे थांबले, तर ते बरे होणे नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी २०१८ साली अडीच हजारांहून अधिक पुरुष सायकलस्वारांची तुलना पोहणारे आणि धावणारे यांच्याशी केली, तेव्हा लैंगिक आरोग्यात सायकलस्वार मागे नाहीत असे दिसले. मग सायकलमुळे नपुंसकता येते म्हणून १९९७ पासून उठलेला गदारोळ खोटा होता का? अतिरंजित होता, असे म्हणायला हरकत नाही. सायकलमुळे हृदयाला होणारा फायदा मोठा आहे आणि भीतीपोटी कोणी ती सोडू नये. पण अशा पाहणीत सापडतात ते टिकून राहिलेले स्वार. दुखण्यामुळे ज्यांनी सायकल गॅलरीत लावून ठेवली, ते त्यात आलेच नाहीत. शिवाय त्याच अभ्यासाने सांगितले, की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर बधिरता वाढते आणि वीस टक्क्यांहून अधिक वेळ उभ्याने पेडल मारणाऱ्यांत ती कमी होते. प्रश्न सायकलचा नाही, बसण्याचा आहे, हेच त्यातून पक्के होते.

मग मधे भोक असलेली सीट सर्वांना देऊन टाकावी का? इथेच या शोधातली सगळ्यात बोधप्रद अडचण आहे. २०११ साली मार्शा गेस आणि सहकाऱ्यांनी शर्यतीत उतरणाऱ्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात भोक असलेल्या सीटवर मधल्या भागावरचा दाब उलट जास्त आढळला. कमी जागेवर तेवढेच वजन आले, तर भोकाच्या कडा टोचणारच. एकीला वरदान ठरलेली सीट दुसरीला शिक्षा होते. त्याच गटाच्या पुढच्या निबंधाने हँडल खाली असण्याचा संबंध वाढलेल्या दाबाशी आणि कमी झालेल्या संवेदनेशी जोडला. डिकिन्सन यांचे झुकण्याविषयीचे निरीक्षण शतकानंतर असे मापात उतरले, आणि या वेळी प्रश्न स्त्रीच्या इजेचा होता.

डिकिन्सन यांचे पुढचे आयुष्य या युक्तिवादाला अनपेक्षित बळ देते. उतारवयात, १९४० च्या दशकात, त्यांनी शिल्पकार एब्रॅम बेल्स्की यांच्यासह ‘नॉर्मा’ नावाचा पुतळा घडवला. हजारो तरुण अमेरिकी स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून केलेली ती आदर्श स्त्री होती. क्लीव्हलँडच्या आरोग्य संग्रहालयाने तो पुतळा घेतला आणि १९४५ साली तिथल्या वृत्तपत्राने नॉर्मासारखी हुबेहूब स्त्री शोधण्याची स्पर्धा जाहीर केली. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठवली. नऊ मापांपैकी पाचांत सरासरीच्या जवळ जाणाऱ्या चाळीसही निघाल्या नाहीत, आणि नऊही मापे जुळणारी एकही नव्हती. ज्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी सीटच्या दाबाचे इतके बारीक निरीक्षण केले होते, त्याच्याच हातून सरासरी माणूस अस्तित्वात नसल्याचा हा ढळढळीत पुरावा तयार झाला. सायकलसोबत कारखान्यातून येणारी सीट अशाच नॉर्मासाठी बनलेली असते. दुसऱ्याच्या मापाची चप्पल कोणी सवय होईल म्हणून घालत नाही. सीट मात्र आपण तशीच स्वीकारतो.

नियम करणारेही या चुकीतून सुटले नाहीत. सायकलिंगच्या जागतिक महासंघाने शर्यतीतली सीट जवळपास आडवीच असावी, अशी अट घातली होती. अडीच अंशांपलीकडे कल चालत नसे. ब्रिटिश संघाचे फिजिओथेरपिस्ट फिल बर्ट यांनी महिला खेळाडूंना होणाऱ्या जखमांचा विषय लावून धरला. पुढे ती मर्यादा नऊ अंशांपर्यंत सैल झाली. टोक किंचित खाली घेता येणे एवढीच ही सूट, पण पुढे झुकलेल्या स्त्रीच्या शरीराला ती लागतच होती.

यातून निघणारा मार्ग खर्चिक नाही. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर बसावे, टाचा उचलून किंचित पुढे वाकावे आणि उठून पाहावे. दोन खळगे उमटलेले दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे, त्यात साधारण दोन-तीन सेंटिमीटर मिळवावे. ताठ बसणाऱ्याने अधिक. ही झाली सीटच्या रुंदीची सुरुवात. मग सीट समपातळीत आणून, टोक दाबत असेल तर एकेक अंशाने खाली घ्यावे, आणि लांब जाताना अधूनमधून उभे राहून पेडल मारावे. हँडल वर घ्यायला कमीपणा वाटू देऊ नये. एवढे करूनही बधिरता येत असेल तर सीट बदलावी, स्वतःला दोष देऊ नये.

आणि दुकानदारांकडे एक मागणी करायला हवी. सायकलच्या चौकटीचे माप ते विचारतात, चाकाचे विचारतात. बसणाऱ्या हाडांचे माप घेणे आणि दोन-तीन रुंदींच्या सीट आठवडाभर वापरून पाहायला देणे हेही विक्रीचाच भाग झाले पाहिजे. शहरे सायकलींसाठी मार्गिका आखतात, शाळा मुलींना सायकली वाटतात. त्या सायकली चालत्या राहाव्यात असे मनापासून वाटत असेल, तर त्यांवर बसणाऱ्या प्रत्येक शरीराचे माप वेगळे आहे, हे त्या योजनांच्या पहिल्या पानावर यायला हवे.