नव्या यंत्राचा योगक्षेम

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक प्रश्न निघाला, आणि तो फराळाच्या ताटांबरोबर संपला नाहीं. माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी यंत्रशास्त्राची पदवीधर. पुण्याजवळच्या एका कारखान्यांत चार वर्षें नोकरी करीत असलेली. पगार चांगला, वय सव्वीस, आणि स्थळेंही सांगून येऊं लागलेलीं. अशा वेळीं भाऊबीजेच्या दिवशीं तिनें सर्वांसमक्ष सांगितलें कीं, मला नोकरी सोडून पीएच्.डी. करावयाची आहे. विषय विचारला तेव्हां म्हणाली, "तंत्रज्ञान-व्यवस्थापन आणि नवोन्मेष."

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सर्वच बोलूं लागले. तिचे वडील म्हणाले, इंजिनियर झाल्यावर यंत्र तरी चालवावें, नाहीं तर दुकान तरी चालवावें; हें मधलेंच काय काढलेंस? तिच्या आईची काळजी निराळी होती, आणि ती कोणती हें वाचक भगिनींस सांगावयास नको. शेवटीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मी घरांतला वडील. शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढें शास्त्रीबोवांपाशीं संस्कृत, आणि सारा जन्म शाळामास्तरकींत गेलेला. या विषयांतलें एक अक्षर मला ठाऊक नव्हतें. तरी मास्तरी सवयीनें मीं निकाल देऊन टाकला: "नांव मोठें आहे, पण यांत विद्या कोणती?"

ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "काका, तुमच्या शाळेंतल्या त्या संगणकांचें काय झालें होतें?"

हा प्रश्न मला लागला, आणि तो कां लागला हें सांगितल्याशिवाय पुढचें लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं मी एका खेड्यांतल्या शाळेचा मुख्याध्यापक असतांना एका दानशूर गृहस्थांनीं शाळेस सहा संगणक दिले. हारतुरे झाले, छायाचित्र निघालें. त्यानंतर मीं त्यांवर स्वच्छ खोळी घातल्या, खोलीस कुलूप लावलें आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणांत ठेवली. बिघडले तर जबाबदार कोण? वीज भलत्या वेळीं जाते. शिकविणारा कोणी नाहीं. परीक्षेंत तर हा विषयच नाहीं. अशीं माझीं कारणें होतीं, आणि त्यांपैकीं एकही खोटें नव्हतें. सातवींतला एक मुलगा दर शनिवारीं शाळा सुटतांना दाराशीं येऊन विचारी, "गुरुजी, आज उघडणार का?" मी म्हणें, "पुढच्या शनिवारीं." तीन वर्षांनीं खोली उघडली तेव्हां दोन संगणक सुरूच झाले नाहींत, आणि तो मुलगा केव्हांच शाळा सोडून गेला होता. यंत्रांत दोष नव्हता, दात्याच्या हेतूंत नव्हता, मुलांच्या बुद्धींत तर नव्हताच. मग चुकलें काय?

पुतणी म्हणाली, "काका, हाच माझा विषय."

त्यानंतर दोन महिने तिनें आणून दिलेलीं पुस्तकें मीं शेजारीं कोश ठेवून वाचलीं. मला जें समजलें तें घरोघरच्या माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांसाठीं येथें देतों.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. उन्मेष म्हणजे डोळा उघडणें, निमेष म्हणजे मिटणें. नवोन्मेष म्हणजे नुसता नवा शोध नव्हे. शोध प्रयोगशाळेंत लागतो. तो कोणाच्या तरी नित्याच्या वापरांत येतो तेव्हांच नवोन्मेष घडला असें या शास्त्रांत म्हणतात. हा भेद गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत जोसेफ शुंपीटर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञानें ठसविला. आपल्याकडे यासाठीं एक जुना जोडशब्द आहे, तो म्हणजे योगक्षेम. जवळ नाहीं तें मिळविणें हा योग. मिळालेलें सांभाळून उपयोगांत ठेवणें हा क्षेम. यंत्र शोधणारा योग साधतो. क्षेमाची जी विद्या, तीच तंत्रज्ञान-व्यवस्थापन. सहा संगणकांचा योग आमच्या शाळेस आला होता. क्षेम माझ्याकडे होता, आणि तो मला साधला नाहीं.

या विद्येचा एक पाया कारखान्यांत नव्हे, तर शेतांत घातला गेला, हें वाचून मला नवल वाटलें. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत १९२८ च्या सुमारास मक्याचें संकरित बियाणें शेतकऱ्यांपुढें आलें. पीक अधिक, आणि अवर्षणांतही तग धरणारें. मात्र तें दर वर्षीं विकत घ्यावें लागे. ब्राइस रायन हे प्राध्यापक आणि नील ग्रॉस हा त्यांचा विद्यार्थी यांनीं दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९४३ सालीं प्रसिद्ध केले. दोघांखेरीज सर्वांनीं १९४१ पर्यंत तें बियाणें स्वीकारलें होतें. परंतु एवढ्या उघड फायद्याच्या गोष्टीलाही इतकीं वर्षें लागलीं. बियाण्याची वार्ता पुष्कळांस विक्रेत्यांकडून कळली होती. पण पेरण्याचा निश्चय झाला तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावरून. विक्रेता कान उघडतो, शेजारी मन उघडतो, असा याचा अर्थ.

त्याच प्रांतांत एव्हरेट रॉजर्स यांचा जन्म १९३१ सालीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. त्यांच्या वडिलांस नव्या यांत्रिक अवजारांची हौस. पण नव्या बियाण्यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. १९३६ च्या अवर्षणांत शेजाऱ्याचा संकरित मका ताठ उभा राहिला आणि यांचा वाळून गेला, तेव्हां त्यांची खात्री पटली. त्या वेळीं मुलगा पांच वर्षांचा होता. पुढें याच मुलानें तणनाशक औषधाचा शेतकऱ्यांत प्रसार कसा झाला यावर प्रबंध लिहून १९५७ सालीं डॉक्टरेट मिळविली. प्रबंधासाठीं पूर्वीचें वाङ्मय चाळतांना त्यांस दिसलें कीं, शाळांतल्या नव्या पद्धति, डॉक्टरांचीं नवीं औषधें, शेतकऱ्यांचें बियाणें, या सर्वांचा प्रसार जवळजवळ एकाच रीतीनें होतो. त्या एका प्रकरणांतून १९६२ सालचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ उभा राहिला. बापाच्या वाळलेल्या शेताचें कोडें मुलानें जन्मभर सोडविलें. याहून विद्येचें दुसरें लक्षण मी तरी काय सांगूं?

नवी वस्तु लोक केव्हां स्वीकारतात, याच्या पांच कसोट्या रॉजर्स देतात. जुन्यापेक्षां तिचा लाभ दिसला पाहिजे. आपल्या चालीरीतींशीं ती जुळली पाहिजे. ती फार अवघड नसावी. थोडक्यांत करून पाहतां आली पाहिजे. आणि दुसऱ्याकडचा तिचा परिणाम डोळ्यांनीं दिसला पाहिजे. मीं या कसोट्या आमच्या बंद खोलीस लावून पाहिल्या. परीक्षेशीं मेळ नव्हता, शिक्षकांस तें सुगम नव्हतें, आणि उरलेल्या कसोट्यांचा मार्ग मीं कुलूप लावून बंद केला होता. एक संगणक जरी वर्गांत आणून ठेवला असता आणि बिघडल्यास कोणासही बोल लावणार नाहीं असें जाहीर केलें असतें, तरी पुष्कळ झालें असतें. त्यासाठीं पैसा लागला नसता.

हें सारें परक्या देशाचें आहे असें कोणीं म्हणूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. नांगर चांगलाच होता. पण भट्टींत लोखंड वितळतें, तशी माणसाची समजूत वितळत नाहीं. तिला शेजाऱ्याचें शेतच लागतें.

तरीही माझ्या मनांत एक शंका होती. अडाणी शेतकरी आणि भित्रे मास्तर यांच्यापुरतीच ही विद्या असेल, तर शहाण्यांच्या कारखान्यांस तिचें काय काम? याचें उत्तर क्लेटन क्रिस्टेन्सन यांच्या प्रबंधांत मिळालें. हे गृहस्थ कांहीं वर्षें कारखानदारी करून पुन्हां विद्यार्थी झाले आणि १९९२ सालीं, वयाच्या चाळिशींत, हार्वर्ड येथें डॉक्टर झाले. संगणकांत माहिती सांठविणाऱ्या चकत्यांच्या धंद्याचा त्यांनीं अभ्यास केला. चौदा इंची चकत्यांच्या नामांकित कारखानदारांना आठ इंची चकत्यांनीं मागें टाकलें, आठ इंचीवाल्यांना सव्वापांच इंचींनीं. हे कारखानदार आळशी नव्हते. उलट आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांचें मन ते इमानानें राखीत होते. आणि त्या गिऱ्हाइकांस लहान चकती नको होती. त्यांचा गुणच त्यांस नडला. १९९७ सालीं या विचारावर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला.

आतां हा अभ्यास करतात कसा? पहिल्या वर्षीं बहुधा वर्गांत बसून संशोधनपद्धति, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय शिकावे लागतात. मग आपल्या प्रश्नावर आजवर कोणीं काय म्हटलें आहे तें सर्व वाचून मांडावयाचें. आमच्या शास्त्रांत यालाच पूर्वपक्ष म्हणत, आणि पूर्वपक्ष नीट न मांडतां सिद्धान्त सांगणाऱ्यास सभेंत कोणी उभें करीत नसे. त्यानंतर कारखान्यांत, गांवांत, पेटंटांच्या दप्तरांत जाऊन प्रत्यक्ष पुरावा गोळा करावयाचा, प्रबंध लिहावयाचा आणि शेवटीं परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यावयाची. परदेशांत इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठांत या विषयाचें संशोधनकेंद्र १९६६ पासून आहे. आपल्याकडे मुंबईस पवईच्या आयआयटींत व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा असून तेथें पीएच्.डी.ची सोय आहे.

काळ आणि पैसा यांचा हिशेब घरांत आधींच मोकळेपणानें व्हावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें कमींत कमी तीन व सामान्यतः जास्तींत जास्त सहा वर्षांची मुदत असते. पुनर्नोंदणीनें ती दोन वर्षें वाढूं शकते, आणि स्त्री-विद्यार्थ्यांस आणखी दोन वर्षांची सवलत मिळूं शकते. प्रसूति व बालसंगोपन यांसाठीं एकंदर २४० दिवसांपर्यंत रजेचीही तरतूद आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेंतून कनिष्ठ संशोधन-शिष्यवृत्ति मिळाल्यास २०२३ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दरानें दरमहा ३७,००० रुपये, व पुढें वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. मात्र ती सर्वांस मिळत नाहीं. नोकरीचा पगार सोडून इतक्यावर पांच-सहा वर्षें राहणें म्हणजे उत्पन्नांत खोट येणारच, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

आणखी एक इशारा. नांवामागें 'डॉक्टर' लागावें एवढ्याच हौसेनें कोणीं या वाटेस जाऊं नये. ज्यास स्वतःचा प्रश्न नाहीं, त्याचा दुसऱ्या वर्षींच कंटाळा होतो. आणि मार्गदर्शकाची चौकशी तर अवश्य करावी. त्यांच्या हाताखालीं पूर्वीं कोण होते, किती जणांचे प्रबंध किती वर्षांत पुरे झाले, किती जण मध्येंच सोडून गेले, हें त्या विद्यार्थ्यांनाच भेटून विचारावें. स्थळ पाहतांना आपण सात पिढ्यांची चौकशी करतों. जेथें मुलीचीं पांच-सहा वर्षें जावयाचीं तेथें एवढी तरी केलीच पाहिजे.

संक्रांतीस सर्व घर पुन्हां जमलें तेव्हां मीं पुतणीस विचारलें, "तुझा स्वतःचा प्रश्न कोणता?" ती म्हणाली, "आमच्या कारखान्यांत मापें घेण्याचें एक महाग परदेशी यंत्र वर्षभर खोळींत पडून आहे. कामगार आपले हातांतले व्हर्निअरच वापरतात. वरचे साहेब म्हणतात, कामगार मागासलेले. मीं डब्याच्या सुट्टींत त्यांच्यांत बसून विचारलें, तेव्हां ते म्हणाले, ताई, यंत्र चांगलें आहे, पण त्यानें माप चुकलेलें दाखविलें कीं पगार आमचा कापतात. काका, हें कोणीं त्यांना आजवर विचारलेंच नव्हतें."

तिचे वडील बराच वेळ तिळगुळाची वडी हातांत धरून बसले होते. मग म्हणाले, "शिष्यवृत्ति मिळाली तर जा. न मिळाली तर पहिल्या वर्षाचें मी पाहीन. पण मार्गदर्शकाची चौकशी मी स्वतः येऊन करणार." तिच्या आईनें स्थळें पाहणें थांबविलेलें नाहीं, थांबवावें असें पुतणीचेंही म्हणणें नाहीं, पण आतां ती पत्रिकेबरोबर हेंही कळविते कीं मुलगी आणखी कांहीं वर्षें शिकणार आहे, आणि ज्यांना तें चालणार नाहीं त्यांनीं तसदी घेऊं नये. यावर दोन घरांचें उत्तर आलें नाहीं. त्याचा तिला थोडा विषाद झाला, फार नाहीं.

अर्ज गेला आहे. निवड होईल, न होईल. तें तिच्या तयारीवर आहे. मला विचाराल तर मीं एकच केलें. "आधीं लग्न होऊन जाऊं दे, मग पाहूं," हें वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलें होतें. त्यांत आणि "पुढच्या शनिवारीं" यांत फरक काय, तें मला सांगतां येईना, म्हणून मी गप्प राहिलों.